डॉलर, अधिक आणि न दिसणारा टॅब

सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नियमांची फाइल उघडली की आधी वाटतं, कीबोर्ड बिघडलाय. ओळीमागून ओळ नुसते डॉलर, अधिक, फुल्या आणि कंस. पण एके काळी इंटरनेटवरचं बरंचसं टपाल याच ओळींच्या भरवशावर पोचायचं.

1980च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तीन नेटवर्क शेजारी शेजारी नांदत होती आणि पत्ता लिहायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. अर्पानेटवर @, यूयूसीपीवर उद्गारचिन्ह, बर्कनेटवर अपूर्णविराम. मग 'अ!ब@क' असा पत्ता आला तर पत्र आधी 'अ' यंत्राकडे धाडायचं की 'क'कडे? दोन्ही वाचनं तितकीच रास्त! सेंडमेल लिहिणाऱ्या एरिक ऑलमन यांनी हा निवाडा प्रोग्रॅममध्ये न कोरता वेगळ्या फाइलीत ठेवला. उद्या चौथी तऱ्हा निघाली तर नियम बदला, प्रोग्रॅमला हात लावू नका. 1983 साली सेंडमेल बर्कली युनिक्ससोबत बाहेर पडलं.

एक नियम जवळून पाहू. डावी बाजू: `$+@$+`. म्हणजे @च्या अलीकडे काहीतरी आहे, पलीकडेही काहीतरी आहे. उजवी बाजू: `$:$1<@$2>`. अलीकडचं तसंच ठेव, @सकट यंत्राचं नाव कंसात घाल. खरी गंमत सुरुवातीच्या `$:` मध्ये आहे. सेंडमेल कुठलाही नियम जुळेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावतं. इथे कंस घातल्यावरही @ जागेवरच, म्हणजे नियम परत जुळणार आणि कंसावर कंस चढत जाणार. `$:` सांगतं, एकदाच, बास. या पुन्हा पुन्हा लावण्यामुळेच पत्ते साफ करायचं हे साधन अख्खी प्रोग्रॅमिंगची भाषा होऊन बसलं. हौशी मंडळींनी त्यात हनोईच्या मनोऱ्यांचं कोडंही सोडवलं.

आणि या दोन बाजू वेगळ्या कशानं होतात? टॅबनं. तिथे स्पेस दिली तर नियम मोडला, पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच कोरे. ही आपली चूकच, असं ऑलमन यांनी पुढे स्वतः लिहिलंय. असे नियम समजून घ्यायला मुखपृष्ठावर वटवाघूळ असलेलं सेंडमेलचं प्रसिद्ध पुस्तक 1993 साली आलं आणि पुढच्या आवृत्तीत हजार पानांपलीकडे गेलं. मला विचाराल तर त्याहून भरवशाचा आहे सेंडमेलचा 'बीटी' हा तपासणीचा पर्याय. नियमसंचाचा क्रमांक आणि पत्ता टाइप करा. कुठल्या नियमसंचात तो कसा शिरला आणि कसा बाहेर पडला, हे सेंडमेल ओळीओळीनं दाखवतं, एकही पत्र न पाठवता.