एकच मूल दोनदा मोजलं जातं तेव्हा

नववीच्या गणित भाग 1 मधलं पहिलंच प्रकरण ‘संच’. त्यातली शाब्दिक उदाहरणं मुलांना सोपी वाटतात, कारण आकडे लहान असतात आणि सूत्र एका ओळीत मावतं : दोन संचांचे घटक मिळवा, सामाईक घटक वजा करा. तरीही गुण जातात ते इथेच. बेरीज-वजाबाकी सहसा चुकत नाही. उदाहरण वाचताना मनाशी जे धरून चाललो, ते चुकलेलं असतं.

समजा, वर्गात 60 मुलं आहेत. 35 जण क्रिकेट खेळतात, 27 जण कबड्डी खेळतात. दोन्ही खेळणारे किती? वहीत उत्तर येतं : 35 अधिक 27 म्हणजे 62, वर्गात 60, म्हणून दोन्ही खेळणारे 2. बेरीज जितकी वर गेली तितके सामाईक, हा या प्रकरणातला सर्वांत चिवट गैरसमज आहे, कारण काही उदाहरणांत तो बरोबर उत्तरही देऊन जातो.

2 हे उत्तर खरं ठरतं ते वर्गातलं प्रत्येक मूल दोनपैकी निदान एक खेळ खेळत असेल तरच. उदाहरणात तसं कुठेही म्हटलेलं नाही. मैदानावर न उतरणारी मुलंही त्या 60 मध्येच धरलेली आहेत. अशी 10 मुलं असतील तर खेळणारे उरले 50, आणि 62 वजा 50 केले की दोन्ही खेळणारे 12 निघतात. न खेळणारे 20 असतील तर दोन्ही खेळणारे 22. हे कुठवर वाढेल? 27 पर्यंत. कबड्डी खेळणारेच 27 आहेत, त्यांच्याहून जास्त मुलं दोन्ही खेळू शकत नाहीत. त्या टोकाला कबड्डीचा प्रत्येक गडी क्रिकेटही खेळतो आणि 25 मुलं काहीच खेळत नाहीत. म्हणजे दिलेल्या माहितीवरून खरं उत्तर एवढंच : कमीत कमी 2, जास्तीत जास्त 27. एकच आकडा हवा असेल तर ‘काहीच न खेळणारे किती’ हे सांगावंच लागतं. प्रश्न काढणाऱ्यांनी ते वाक्य गाळलं आणि मुलाला चुकीचं ठरवलं, तर तो त्या मुलावर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी चूक आकृतीत होते. न खेळणारे 10, दोन्ही खेळणारे 12, हे धरू. मूल दोन वर्तुळं काढतं, डाव्या भागात 35 लिहितं, मधल्या भागात 12, उजव्या भागात 27. तिन्हींची बेरीज 74 होते आणि वर्ग तर 60 चा! ‘35 जण क्रिकेट खेळतात’ याचा अर्थ फक्त क्रिकेट खेळतात असा नाही. तो आकडा अख्ख्या वर्तुळाचा आहे आणि त्यात ते 12 आधीच आलेले आहेत. डाव्या भागात यायला हवेत 23, उजव्या भागात 15. मग 23, 12 आणि 15 मिळून 50, वर्तुळांबाहेर 10, एकूण 60. म्हणून आकृती नेहमी आतून बाहेर भरावी : आधी सामाईक भाग, मग ‘फक्त’चे भाग, शेवटी वर्तुळांबाहेरचे. भरता भरता एखाद्या भागात ऋण संख्या आली, तर कुठला तरी आकडा चुकीच्या जागी बसला आहे किंवा उदाहरणातली माहितीच एकमेकींशी जुळत नाही.

‘किंवा’चंही असंच. चहा घेणार की कॉफी, असं आपण विचारतो तेव्हा एकच निवडायची असते. गणितात मात्र ‘क्रिकेट किंवा कबड्डी खेळणारे’ म्हटलं की दोन्ही खेळणारेही त्यात येतात. संयोग संच म्हणजे हाच.

कमीत कमी किती, हा प्रश्न परीक्षेपुरताच आहे असं समजू नये. लुइस कॅरोल या नावाने लिहिणारे चार्ल्स डॉजसन ऑक्सफर्डला गणित शिकवत. त्यांच्या ‘अ टँगल्ड टेल’ या 1885 सालच्या पुस्तकात जखमी माणसांचं एक कोडं आहे. 70 टक्क्यांनी एक डोळा गमावला, 75 टक्क्यांनी एक कान, 80 टक्क्यांनी एक हात, 85 टक्क्यांनी एक पाय. चारही गमावलेले निदान किती? इथे उलट बाजूने मोजावं. डोळा शाबूत असलेले 30, कान 25, हात 20, पाय 15. हे सगळे वेगवेगळे आहेत असं धरलं, तरी काही ना काही वाचलेले 90 टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. म्हणून चारही गमावलेले निदान 10 टक्के.

वेन आकृतीबद्दलही थोडं. तर्कासाठी वर्तुळं काढायची कल्पना जॉन वेन यांच्या आधीची. ऑयलर यांनी एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत ती आहे आणि ती पत्रं 1768 पासून छापून आली. वेन यांचा लेख 1880 चा. आणखी एक : वर्तुळ मोठं काढलं म्हणून त्यात माणसं जास्त, असं नसतं. आणि चार संच आले की वर्तुळं पुरत नाहीत. चार संचांना बाहेरचा भाग धरून 16 भाग लागतात, चार वर्तुळं कशीही ठेवली तरी 14 च्या वर भाग होत नाहीत. वेन यांनी तिथे लंबवर्तुळं वापरली.

तीन संचांच्या सूत्रात शेवटचं चिन्ह अधिक की उणे, यावर पाठांतर हमखास दगा देतं. तिघांतलं सामाईकही वजाच करायचं, असं मुलांना वाटतं. ते अधिक का, हे 1 ते 100 या संख्यांवर पडताळून पाहता येतं. 2, 3 किंवा 5 ने भाग जाणाऱ्या संख्या किती? 2 ने 50, 3 ने 33, 5 ने 20, बेरीज 103. आता 12 ही संख्या पाहा. ती 2 च्या यादीत आहे आणि 3 च्याही, म्हणजे दोनदा मोजली गेली. म्हणून जोड्यांचे सामाईक वजा करायचे : 6 ने भाग जाणाऱ्या 16, 10 ने 10, 15 ने 6. त्या 32 वजा केल्या की राहतात 71. यात 12 बरोबर एकदा उरते. पण 60 चं काय? ती तिन्ही याद्यांत होती, तीनदा मोजली गेली. तिन्ही जोड्यांतही होती, म्हणून तीनदा वजा झाली. मोजणीतून ती पार नाहीशी झाली. 30 आणि 90 यांचीही तीच गत. या तिघींना परत घ्यायचं, म्हणून अधिक 3. उत्तर 74.

राहिल्या 26 संख्या, ज्यांना 2, 3, 5 यांपैकी कशानेच भाग जात नाही. त्यांतल्या 49, 77 आणि 91 यांना 7 ने भाग जातो आणि 1 ही मूळ संख्या नव्हे. या चार काढल्या की 22 उरतात. त्यांत 2, 3 आणि 5 मिळवा : 100 पर्यंतच्या मूळ संख्या 25, एकही यादी न पाहता.