बेडूक मोजायचे कानांनी

जूनअखेर आंधळगावच्या शिवारात धानाच्या बांध्यांत पाणी साचते आणि रात्री चारी बाजूंनी डराव डराव सुरू होते. ‘बेडूक ओरडू लागले’ म्हणून आपण कूस बदलतो. पण नीट ऐकले, तर तो एकच आवाज नसतो. मोठ्या पिवळ्याधमक बेडकाचा भरदार आवाज वेगळा, भेकाचा लांबत जाणारा कुर्रर्र वेगळा. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज काढणारा तर बोटाच्या पेराएवढाच असतो!

ओरडतात ते नर. तोंड व नाकपुड्या बंद ठेवून नर फुफ्फुसांतील हवा स्वरयंत्रातून गळ्याच्या पिशवीत ढकलतो आणि परत आत घेतो. मादी आपल्या जातीची हाक ओळखून येते. म्हणजे हाक ही जातीची खूणच झाली.

या खुणेचा उपयोग अमेरिकेत मोजणीसाठी झाला. १९९०च्या दशकात सुरू होऊन २०१५ पर्यंत चाललेल्या एका पाहणीत स्वयंसेवक ठरलेल्या रस्त्यावर दहा जागी थांबत आणि प्रत्येक जागी पाच मिनिटे ऐकत. एखाद्या जातीच्या हाका सुट्या, मोजता येण्याजोग्या असल्या तर १. एकमेकींत मिसळूनही वेगळ्या कळत असल्या तर २. अखंड कल्लोळ असेल तर ३. बस्स, एवढेच!

आपल्याकडे बेडकाची ओळख बराच काळ विच्छेदनाच्या ट्रेमध्येच होत असे. त्याच्या तंगड्यांची निर्यातही १९८७ मध्ये बंदी येईपर्यंत चालू होती. जिवंत बेडकाकडे वळायला आंधळगावसारखी जागा शोधून सापडणार नाही. एक बोडी, एक बांधी, रस्त्याकडेचा एक खड्डा अशा तीन जागा पुरेत. रोवणीपूर्वी आणि रोवणीनंतर, दरवर्षी त्याच जागी, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ऐकावे. काहीच ऐकू आले नाही तर ० लिहावा. मुले नेमका हाच आकडा गाळतात. शेजारी त्या दिवशीचा पाऊसही नोंदवावा.

बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असते, पाण्यात मिसळलेली औषधे तिच्यातून शरीरात जातात. तरीही एका वर्षी आवाज कमी झाला म्हणून लगेच फवारणीला दोष देऊ नये. पावसाने ओढ दिली तरी नर गप्प राहतात. चार-पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्यावरच हा वाद वर्गात रंगेल.

मुलांसोबत मोठी माणसे हवीतच. बांधावर मात्र उतरू नये, रस्त्यावरूनच ऐकावे. बेडकांच्या मागावर नागही असतो.