अर्थसंकल्प आणि लोकप्रतिनिधींची जबाबदारी

दरवर्षी साधारणपणे १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थमंत्री लोकसभेत अर्थसंकल्प मांडतात. काय स्वस्त झाले, काय महागले, प्राप्तिकरात किती सवलत मिळाली, याची चर्चा दोन दिवस घरोघरी चालते आणि मग विषय मागे पडतो. वस्तुतः खरे काम त्यानंतर सुरू होते. अर्थसंकल्प हा सरकारचा प्रस्ताव असतो. तो तपासून मान्य करणे वा नाकारणे ही लोकप्रतिनिधींची जबाबदारी आहे.

हा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्यानुसार ब्रिटिशांच्या कायदे मंडळातील सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येत असे, मत मात्र देता येत नसे. १९०२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथे आपले पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते, पण दुष्काळाने गांजलेली रयत जड करांखाली दबली आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा, हा त्यांचा आग्रह होता. १९०३ साली हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मताचा अधिकार नसतानाही अभ्यासाला किती वजन असते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्या राज्यघटनेने मताचा अधिकारही दिला. अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. जमा झालेला महसूल भारताच्या एकत्रित निधीत जातो आणि संसदेने विनियोजन विधेयक संमत केल्याशिवाय त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे येतात. लोकसभा त्या मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा त्यांत कपात करू शकते. वाढ मात्र करू शकत नाही. राज्यसभा चर्चा करते, पण मागण्यांवर मतदान करीत नाही. कर्जावरील व्याज, न्यायाधीशांचे वेतन यांसारख्या खर्चावर चर्चा होते, मतदान होत नाही. राज्यात हीच जबाबदारी विधानसभेवर आहे.

मंजुरी दिली म्हणजे काम संपत नाही. पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाला की नाही, हे नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. खर्च करणाऱ्यानेच हिशेब तपासू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

व्यवस्था अशी चोख असली तरी व्यवहार चिंता वाटावा असा आहे. ठरलेली मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. या पद्धतीला ‘गिलोटिन’ म्हणतात. बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या दरवर्षी अशाच संमत होतात. मार्च २०२३ मध्ये तर गदारोळात सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या अर्थसंकल्पातील साऱ्याच मागण्या लोकसभेने चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर केल्या. २०१८ सालीही असेच घडले होते. गोखल्यांना बोलता येत होते, पण मत नव्हते. आजच्या प्रतिनिधींना मत आहे, पण ते न बोलताच दिले जाते.

दोष कोणा एका पक्षाचा नाही. सभागृह चालवणे ही सत्ताधाऱ्यांची, तर सरकारला प्रश्न विचारणे ही विरोधकांची जबाबदारी असते. पण प्रश्न विचारलेच गेले नाहीत, तर त्याचा भुर्दंड आपल्याला पडतो. मिठाचा कर गेला, तरी साबणापासून काडेपेटीपर्यंतच्या खरेदीवर गरिबातला गरीब माणूसही आज कर भरतो.

आपल्या पतपेढीच्या वार्षिक सभेत आपण ताळेबंदाची पाने उलटून हिशेब विचारतो. देशाच्या तिजोरीचे आपण तसेच सभासद आहोत. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि पाणी याबरोबरच एवढेही विचारावे : गेल्या वर्षी कोणत्या मंत्रालयाच्या मागण्यांवर आपण बोललात? सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तांत सर्वांसाठी खुला असतो. त्यामुळे मिळालेले उत्तर पडताळून पाहणेही आपल्याच हाती आहे.