चालत्या माणसाचा दर

लोणावळ्याला खेटून असलेले कुसगाव नकाशावर पाहिले की त्याचे आजचे महत्त्व लगेच ध्यानात येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारून जातो, खंडाळ्याच्या घाटाला वळसा घालणारा खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’ इथेच सिंहगड संस्थेपाशी येऊन मिळतो, आणि पुण्याहून सुटणारी लोकल लोणावळ्यापर्यंत येते. एक मुलगा ठाण्याला आणि मुलगी कोथरूडला असेल, तर आईवडिलांसाठी दोघांनाही सारखेच लांब पडेल असे ठिकाण शोधताना बोट आपोआप मावळावर टेकते. हवा थंड, समोर डोंगर, शहरातल्या दोन खोल्यांच्या मानाने जागा ऐसपैस. वृद्धाश्रम किंवा ज्येष्ठ निवास पाहायला गेलेले कुटुंब बाग पाहते, देवघर पाहते, जेवणाची चव घेते आणि महिन्याचा आकडा विचारते. तो आकडा परवडला की निम्मे काम झाले असे सगळ्यांना वाटते. माझे म्हणणे असे आहे की तो आकडा चालत्या माणसाचा असतो. आपण मात्र जागा शोधत असतो ती अखेरपर्यंतची, आणि अखेरची वर्षे बहुधा चालती नसतात. म्हणून निवासाची पारख आणि पैशांची तजवीज ही दोन्ही कामे शेवटच्या वर्षांपासून सुरू करून उलटी मागे यायला हवीत.

आज स्वतः आंघोळ करणाऱ्या, पंगतीला येऊन बसणाऱ्या, गोळ्या आठवणीने घेणाऱ्या आजींना लागते काय? खोली, दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, कपडे धुणे आणि हाकेला कुणीतरी. हा खर्च वीस माणसांत वाटला जातो. पण न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, पक्षाघाताने एक बाजू गेली किंवा स्मृतिभ्रंश वाढून रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणे सुरू झाले, की त्याच माणसाच्या गरजेची जातच बदलते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. डायपर, लघवीची नळी, कधी नाकातून नळीने अन्न. भरवायला अर्धा-पाऊण तास. दिवसाची मावशी वेगळी, रात्रीची वेगळी. हे सगळे माणसाच्या हातांनीच करायचे काम आहे आणि ते वाटून स्वस्त होत नाही. दरपत्रकात त्याची नोंद असते, पण खालच्या बारीक ओळींत: शुश्रूषा वेगळी, डायपर आणि औषधे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, रुग्णालयात सोबत वेगळी. कित्येक ठिकाणी तर नियमावलीतच लिहिलेले असते की स्वतःची कामे स्वतः करता येईनाशी झाली की कुटुंबाने घेऊन जावे. म्हणजे जागा शोधण्याचा सारा खटाटोप दुसऱ्यांदा करायचा, आणि तोही रुग्णालयातून घरी सोडण्याचा कागद हातात असताना, दोन दिवसांत.

या क्षेत्रावर देखरेख करणारी चौकट पातळ आहे, हे वाचकाने आधीच समजून घेतलेले बरे. वृद्धाश्रम हा शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. पुण्यातील ‘निवारा’सारखी, डेव्हिड ससून यांच्या नावाशी जोडलेली, एकोणिसाव्या शतकापासूनची धर्मादाय संस्था हाही वृद्धाश्रम, 1995 मध्ये राज्य सरकारने सुरू केलेली मातोश्री वृद्धाश्रम योजना, जिच्यात वर्षाला बारा हजारांहून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून महिना 500 रुपये घ्यायचे आणि बाकीच्यांना विनामूल्य ठेवायचे असे ठरले होते, तीही याच नावाची, आणि बंगला भाड्याने घेऊन पंधरा खाटा टाकलेला खासगी व्यवसायही त्याच पाटीखाली चालतो. ‘अथश्री’सारखी विकत घ्यायची ज्येष्ठांची घरकुले ही पुन्हा निराळी गोष्ट. तिथे आपण घर घेतो, शुश्रूषा नव्हे. त्या घरांसाठी महारेराने 2024 मध्ये नियम घालून दिले: चाकाची खुर्ची जाईल असे किमान 900 मिलिमीटर रुंदीचे दार, पायऱ्या नसलेले मार्ग, धरायला दांड्या. चांगले नियम आहेत, पण ते भिंतींचे आहेत. रात्री किती माणसे जागी असावीत हे ते सांगत नाहीत. ज्येष्ठांच्या कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक 2019 मध्ये संसदेत आले त्यात निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते मंजूर न होताच सतराव्या लोकसभेबरोबर बाद झाले. तेव्हा सध्या तरी कुटुंबाच्या हाती उरतो तो संस्थेशी होणारा करारनामा. त्याची ओळ न् ओळ वाचायची, आणि तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन त्यात लिहून घ्यायचे.

आता पैसा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला निवास, भोजन आणि देखभाल धरून माणशी महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या आकारणीवर जीएसटी माफ आहे. सरकारने स्वतःच आखलेली ही रेघ हिशेबासाठी घेऊ. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2023 च्या एप्रिलपासून एका व्यक्तीला 30 लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. तेव्हा ठरलेल्या 8.2 टक्के दराने तीस लाखांवर वर्षाला 2,46,000, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये मिळतात. मर्यादा पूर्ण भरूनही 25,000 ला साडेचार हजार कमीच पडतात, आणि आयुष्यभराच्या नोकरीनंतरही तीस लाख रोख हाताशी असलेली घरे किती, हे ज्याचे त्याला ठाऊक. शिवाय व्याज मुदतभर तेवढेच राहते. निवासाचा दर राहत नाही. दरसाल आठ टक्के वाढ धरली तर आजचे 25,000 नऊ वर्षांत जवळजवळ 50,000 होतात. हे नुसत्या महागाईचे झाले. मधेच अंथरूण धरले तर शुश्रूषेची रक्कम वरून. सरकारी निवृत्तिवेतनाच्या घरांत आणखी एक खाच आहे. निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मे असते, आणि पतीमागे पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन साधारण तीस टक्के. जोडप्याने मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे मात्र एकजण गेला म्हणून त्या प्रमाणात उतरत नाही. आजोबा असताना बसणारा मेळ आजींच्या एकटीच्या वर्षांत तुटतो, आणि मदतीची गरज नेमकी त्याच वर्षांत वाढलेली असते.

मग राहते घर. मराठी मध्यमवर्गाची खरी बचत भिंतींतच असते, म्हणून ‘रिव्हर्स मॉर्गेज’चे नाव निघते: घर बँकेकडे गहाण ठेवायचे, बँकेने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, फेड मृत्यूनंतर घरातून. 2007 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या या योजनेची राष्ट्रीय आवास बँकेने घातलेली अट पुष्कळांना माहीत नसते. घरात स्वतः राहणे बंधनकारक आहे. शुश्रूषेसाठी संस्थेत किंवा नातेवाइकांकडे कायमचे राहायला गेले, सर्वसाधारणपणे सलग वर्षभर घरात राहिले नाही, की कर्ज परतफेडीला येते. म्हणजे घरी राहून म्हातारपण काढणाऱ्याला ही योजना उपयोगी, वृद्धाश्रमाचा खर्च भागवू पाहणाऱ्याला नाही. त्याला घर भाड्याने देणे किंवा विकणे हेच दोन मार्ग. आरोग्य विम्यावरही भरवसा ठेवू नये. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण मिळाले ही मोठीच गोष्ट आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. कूस बदलणाऱ्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही, आणि खासगी विम्यातूनही सहसा नाही.

पैसा असूनही हाती येऊ नये असा एक पेच आहे, त्याची चर्चा घरांत जवळजवळ होत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सही बँक मानत नाही. आधी करून ठेवलेले मुखत्यारपत्र तेव्हा कामी येईल असा समज आहे. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. नेमकी हवी तेव्हाच संपते. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि तोवर आईच्याच पैशांतून आईचे बिल भरता येत नाही. यावर साधा इलाज म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही एकाच्या सहीने चालणारे संयुक्त खाते वेळेत उघडणे आणि व्याज, निवृत्तिवेतन, भाडे हे सगळे त्यात वळवणे. हे काम सही स्थिर आहे तोवरच करायचे असते.

‘मुलांनी द्यावेत की पैसे’ हा पहिला आक्षेप. द्यावेतच, आणि कायदाही तेच म्हणतो. ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्याखाली आईवडिलांना निर्वाहभत्ता मागता येतो; महाराष्ट्रात हा अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोर चालतो, आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, निकाल व्हावा असे बंधन आहे. पण भत्त्याची कमाल मर्यादा त्याच कायद्याने महिना 10,000 ठरवली आणि ती 2007 पासून हललेली नाही. वर सांगितलेल्या हिशेबात ती कुठे बसते हे वाचकाने पाहावे. या कायद्यातले याहून धारदार हत्यार कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. ताबाही परत देता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात म्हटले. मात्र ती अट कागदावर असावी लागते. प्रेमापोटी बिनअटीचे बक्षीसपत्र करणाऱ्या आईवडिलांचे स्वतःचे वृद्धाश्रमाचे पैसे त्या एका सहीने जातात.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: हे सगळे करण्यापेक्षा घरीच का ठेवू नये? ठेवता येत असेल तर ठेवावेच. पण ‘घरी’ म्हणजे कुणाच्या हातांवर, हे उघड बोलले पाहिजे. बहुतेक घरांत ते हात सुनेचे किंवा मुलीचे असतात, तिची नोकरी सुटते, आणि तो खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. ब्यूरोतून दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बाया ठेवल्या तर घरचा खर्च पुष्कळदा निवासाच्या पुढे जातो; त्यातली एक गावी गेली की घर अडते. शुश्रूषा विकत घेतली म्हणजे माया आटली, हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. दर आठवड्याला येऊन आईच्या पाठीवरची कातडी स्वतः तपासणारी मुलगी तिला टाकून गेलेली नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. तीस लाख, राहते घर, संयुक्त खाते हे सगळे ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी ठीक; मावळातल्या भातशेतीवर किंवा मुंबईतल्या हमालीवर आयुष्य गेलेल्याने काय करावे? कायद्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी एक निवास असा उल्लेख आहे, पण शब्दरचना ‘राज्य सरकार करू शकेल’ अशी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरचे लोक जवळपास दहा टक्के होते, कोटीच्या पुढे. जिल्ह्याला दीडशे खाटा म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि विनामूल्य जागाही बहुतेक चालत्या-फिरत्यांसाठीच. अंथरुणाला खिळलेल्या गरीब म्हाताऱ्यासाठी सरकारी खाट ही मागणी कुठल्या जाहीरनाम्यात ठळकपणे आलेली नाही, ती यायला हवी. तोवर 14567 ही ज्येष्ठांसाठीची विनामूल्य राष्ट्रीय हेल्पलाइन आणि धर्मादाय संस्थांच्या राखीव जागा एवढाच आधार आहे. फोन करताना ‘वडील चालत नाहीत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे नकार असेल तर लगेच कळतो आणि पुढचा दरवाजा ठोठावता येतो.

कुसगावाकडे परत येतो, कारण शेवटच्या वर्षांची कसोटी लावली की हे गाव वेगळे दिसू लागते. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, फरशी ओलसर राहते, दम्याच्या माणसाला श्वास जड होतो. फेब्रुवारीत जागा पाहून भुललेल्यांनी जुलैत पुन्हा यावे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ते तुंबतात. त्या दुपारी रुग्णवाहिका लागली तर? वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय तळेगावात आहे, हृदयाच्या किंवा मेंदूच्या गुंतागुंतीसाठी त्याहीपुढे चिंचवड-पुणे गाठावे लागते. चांगल्या निवासाच्या व्यवस्थापकाकडे याचे उत्तर तयार असते: कुठली रुग्णवाहिका, कुठल्या आडवाटेने, किती मिनिटांत, सोबत कोण. बागेऐवजी मागच्या बाजूच्या खोल्या दाखवा म्हणावे, जिथे न उठणारी माणसे आहेत. रात्री नऊनंतर जाऊन किती कर्मचारी जागे आहेत ते मोजावे. उशाशी पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवला आहे का, वास कसला येतो, नखे कापलेली आहेत का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. अनामत किती, आणि माणूस गेल्यावर किंवा नेल्यावर किती दिवसांत परत, हे त्यानंतर विचारावे. आणि अंथरूण धरल्यावरचा आजचा दर किती, तो आकड्यात मागावा.