जुना फोन विकताना, घेताना

● पैसे घेताना : यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. यातले काही करायला सांगणारा ‘ग्राहक’ भामटाच समजा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच फोन हातात द्या.

● फोन देण्यापूर्वी : सिम काढा, गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा.

● घेताना : \*#०६# डायल करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बिलाशी जुळवा. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो तपासला की फोन काळ्या यादीत आहे का, ते कळते. फोन पाहण्याआधी ‘टोकन’ रक्कम पाठवू नका.

● फसगत झाल्यास : लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा.