उशिरा पोहोचणारा लगाम

एडीएचडी असलेल्या मुलाची अडचण नुसत्या चंचलपणाची नसते. राग, निराशा, आनंद, जे काही येते ते पूर्ण जोराने येते आणि लगाम मागाहून पोहोचतो. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी 1902 सालीच लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांच्या भडकेपणाची नोंद केली होती. तरीही निदानाच्या आजच्या अमेरिकी निकषांतील 18 लक्षणांत रागाला जागा नाही. घरात मग तो ‘वळण नाही’ या खात्यात जमा होतो.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात मेंदूचा बाह्य थर सर्वाधिक जाड होण्याचे वय इतर मुलांत साधारण साडेसात, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहा आढळले. तीन वर्षांचा उशीर, आणि तोही मुख्यतः कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागात.

समुपदेशनाच्या खोलीत हा उशीर दिसायला सापशिडी पुरते. दहा वर्षांच्या मुलाची सोंगटी 98 वर सापाच्या तोंडी जाते आणि पट भिंतीवर आदळतो. ‘एवढा घोडा झालास’ हे आईच्या अगदी ओठांवर येते. पण तीन वर्षे वजा केली, तर समोर सात वर्षांचे पोर असते. मुरलेली समुपदेशक त्या क्षणी काहीही शिकवत नाही. ती जमिनीवर बसते, आवाज उतरवते, ‘जिंकत आला होतास, राग आला’ एवढेच म्हणते आणि सोंगट्या वेचू लागते. समजावणे श्वास जाग्यावर आल्यानंतर. त्याआधीचा उपदेश वाया जातो. मार तर आगीत तेलच.

खरे काम शांत वेळी चालते: चिडलो, हिरमुसलो, ओशाळलो यांतला फरक ओळखणे, कान तापले की सावध होणे, मुद्दाम हरण्याचा सराव. वर्गातून पाणी प्यायला उठण्याची मुभा शिक्षकांशी आधीच ठरवून ठेवावी लागते.

चौदाव्या वर्षी तीच तीन वर्षे महाग पडतात. मित्रांदेखत टोकले की भडका ठरलेला. दार लावून घेणे चालेल, शिवीगाळ नाही, असे करार आधी करावे लागतात.

औषधाचाही हिशेब असतो. मिथिलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे 4 तासांत ओसरतो आणि काही मुले त्या वेळी चिडचिडी होतात. भडक्याच्या वेळा वहीत टिपून डॉक्टरांना दाखवल्यास मात्रा किंवा वेळ बदलता येते. या औषधाने भूकही मरते, डबा तसाच परत येतो. अशा वेळी कधीकधी शाळेतून आल्याबरोबर ताटात पडलेले थालीपीठही संध्याकाळ निभावून नेते.