चढाची हौस आणि उताराचा ब्रेक

माणसाने चाळिशी उलटल्यावर दोन गोष्टी नव्याने सुरू करू नयेत, असे आमचे अण्णा म्हणतात. एक काव्यलेखन आणि दुसरी वाहनखरेदी. पहिला मोह मी मराठीचा प्राध्यापक असूनही आवरला, ही गोष्ट माझ्या खाती जमा धरावी. दुसरा मात्र आवरला नाही. गेल्या पाडव्याला मी एक नव्हे, चांगल्या दोन माउंटन बाइक घेऊन घरी आलो. एक मला आणि एक आमच्या कन्येला. दोन घेतल्यास सवलत होती, आणि सवलतीपुढे मध्यमवर्गीय माणसाचा विवेक किती वेळ टिकतो, हे सुज्ञ वाचकांना मी सांगायला नको.

गाड्या मोठ्या दिमाखदार होत्या. जाड काटेरी टायर, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग आणि गियर तब्बल एकवीस! सौ.ने दारातच विचारले, "अहो, पण हिला मडगार्ड कुठे आहे? कॅरियर? स्टँड? निदान घंटी तरी?"

"डोंगरावर घंटी कोणासाठी वाजवायची?" मी म्हणालो.

"तुम्ही रोज डोंगरावर जाणार आहात, की कॉलेजात?" तिने शांतपणे विचारले आणि ती पोळ्या करायला आत गेली.

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला सहा महिने लागले.

आमच्या प्राध्यापक-कक्षात पहिला आठवडा गाडीला मराठी नाव शोधण्यात गेला. संस्कृतच्या सहकाऱ्यांनी 'गिरिचक्रिका' सुचवले. मी 'डोंगरी सायकल' या साध्या नावाचा पक्ष घेतला. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तेवढे खिडकीतून खाली पाहून म्हणाले, "नाव सावकाश ठेवा. आधी मागच्या चाकात हवा भरा." त्यांचे ऐकले असते तर बरे झाले असते, पण भाषेच्या माणसाला नावाची घाई फार.

नाव शोधता शोधता गाडीचे कुळ मात्र सापडले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुणांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या, फुगीर टायरच्या जुन्या सायकली हुडकून काढल्या आणि त्या कच्च्या वाटांवरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी शर्यत लावली. दोन मैलांत सुमारे १३०० फूट उतार! ब्रेक एकच, तो मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन जाई. मग हब उघडायचा आणि नवे ग्रीस भरायचे. म्हणून शर्यतीचे नावच पडले 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी खास नवी फ्रेम बांधली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली 'माउंटनबाइक्स' या नावाने धंदा सुरू केला. १९८१ साली 'स्टंपजंपर' ही गाडी कारखान्यातून बाजारात आली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन पोहोचला.

हा इतिहास मी चहाच्या टेबलावर रंगवून सांगत असे. त्यातली खरी गोम मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्या शर्यतीचे नाव डोंगरावरून नव्हे, ग्रीस भरण्यावरून पडले, तिच्यातून जन्मलेल्या गाडीच्या मालकाचे हात काळे व्हायचेच.

माझे हात स्वच्छ होते. चढ चढण्याचे कौतुक मात्र मोठे होते, आणि ते खोटेही नव्हते. माझ्या गाडीच्या पुढच्या सर्वांत लहान चक्राला २४ दाते आहेत, मागच्या सर्वांत मोठ्याला २८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात गाडी पावणेदोन मीटरच पुढे सरकते. अण्णांच्या जुन्या काळ्या सायकलीला ४४ आणि १८ दाते. तिथे एका फेऱ्यात साडेपाच मीटर. मीटर कमी म्हणून पायावरचा भार कमी. पुढे जाण्याची घाई सोडली की चढ आपोआप हलका होतो. एकवीस गियरांचे रहस्य एवढेच. त्यांतले पुष्कळ एकमेकांच्या बरोबरीचे असतात, आणि पुढचे सर्वांत मोठे चक्र व मागचे सर्वांत मोठे चक्र अशी जोडी लावली तर साखळी तिरपी ओढली जाऊन लवकर झिजते. माणसाने सात-आठ जोड्या मनापासून वापरल्या तरी संसार सुखाचा होतो.

पावसाळा आला. मडगार्ड नसल्यामुळे माझ्या पाठीवर रोज चिखलाची एक उभी रेघ उमटे आणि मुले वर्गात ती पाहून हसत. साखळी कुरकुरू लागली. कन्येच्या गाडीचे मागचे चाक एका खड्ड्यात आपटून आऊट झाले. फिरताना त्याची रिम एका बाजूने ब्रेकच्या रबराला घासू लागली. चाकाचा आऊट काढून घेणे हा त्यावरचा उपाय. मी काय केले? ब्रेकची वायर ढिली केली. घासणे थांबले, गाडी हलकी चालू लागली आणि मी स्वतःवर खूश झालो. "सोमवारी दुकानात दाखवू," असे तिला म्हणालो. असे सोमवार चार-पाच तरी गेले असतील.

गणपती गेल्यावर एका रविवारी पहाटे आम्ही दोघे सिंहगडावर निघालो. डोणज्यापासून वरचा घाट आम्ही थांबत, शेंगा खात, पण एकदाही न उतरता चढलो. वर दही आणि पिठलंभाकरी झाली. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून अगदीच म्हातारे नाही हं!" पुढच्या तासात मात्र मी पुरता म्हातारा झालो.

उतारावर मी पुढे होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून हाक आली, "बाबा, ब्रेक लागत नाहीये!" मी वळून पाहिले तो ती माझ्या बाजूने निघून गेली. खालून एक जीप चढत होती. पोरीने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूला चरात घातली आणि ती दगडमातीत घरंगळली. कोपर आणि गुडघा सोलवटला. हाड सुखरूप राहिले. जीपवाला भला माणूस. त्याने पाणी दिले आणि दोन्ही गाड्यांसह आम्हाला खाली आणून सोडले. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही नाही. घाटाची दुसरी बाजू मला सारखी डोळ्यांपुढे दिसत होती.

घरी अण्णा ओसरीवर बसले होते. वय ७९. सरकारी कचेरीत कारकुनी केली, आणि ३१ वर्षे एकाच सायकलीवरून. दर रविवारी सकाळी ते ती सायकल उलटी करून दोन तास तिच्याशी काय करतात, याची मी तरुणपणी थट्टा करीत असे. नातीच्या जखमा धुऊन झाल्यावर ते काठी टेकत अंगणात आले. त्यांनी तिच्या गाडीचा मागचा ब्रेक दाबला. मूठ सरळ हँडलला जाऊन टेकली. मग त्यांनी तिला बोलावून पुढचा ब्रेक दाबायला सांगितले. मूठ हँडलपासून इतकी लांब होती की तिची फक्त बोटांची टोके पोहोचत होती. एवढ्या उतारावर त्या टोकांत किती वेळ बळ राहणार?

अण्णा मला म्हणाले, "पोरीला तू गाडी दिलीस. ब्रेक दिला नाहीस."

पुढच्या रविवारी शाळा भरली. अण्णा खुर्चीवर, आम्ही दोघे जमिनीवर. गियरची गाडी अण्णांना नवी होती; पण ते म्हणाले, "चाक गोल आहे ना? मग शिकता येईल." त्या दिवशी जे कळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी माप. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीटच्या दांड्यावर एक खूण असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतकी सीट वर काढू नये. गाडीवर दोन पाय टाकून उभे राहिल्यावर वरच्या नळीत आणि शरीरात निदान दोन-तीन इंच अंतर हवे. आमच्या दोन्ही गाड्या एकाच मापाच्या होत्या. सवलतीत माप कोण पाहतो! ब्रेकच्या मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. कन्येची बोटे पोहोचण्यासाठी एवढेच करायचे होते. मोजून दोन मिनिटांचे काम.

मग ब्रेक. चाक उचलून फिरवावे आणि रिम डोलते का ते रबराशेजारी पाहावे. डोलत असेल तर आरे कसून आऊट काढून घ्यावा, ब्रेक ढिला करून आपली समजूत काढू नये. रबरावर झिजेची रेघ असते. ती पुसली की रबर बदलावे. मूठ पूर्ण आवळली तरी तिच्यात आणि हँडलमध्ये बोटभर जागा राहावी. ज्यांच्या गाडीला डिस्कचे ब्रेक असतील त्यांनी त्या चकतीला तेलाचे बोट लावू नये. तेल पॅडमध्ये मुरले की ब्रेक घसरतो. चाक खटक्याने निघणारे असेल तर तो खटका चावीसारखा नुसता फिरवू नये. कडीसारखा दाबून बंद करावा, तळव्यावर वळ उठेल इतका घट्ट. तो पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

साखळीला अण्णांनी माझी फूटपट्टी मागितली. साखळीच्या दोन खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच, म्हणून नव्या साखळीचे २४ भाग बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर एक-षोडशांश इंचाने वाढले की साखळी बदलावी. एक-अष्टमांशाने वाढेपर्यंत थांबलात तर तिने चक्रांचे दातेही खाल्लेले असतात, आणि मग स्वस्त साखळीच्या जागी महाग चक्रे घ्यावी लागतात. माझी साखळी एक-षोडशांशाच्या पुढे गेली होती, सहा महिन्यांत! तेल प्रत्येक सांध्यावर एक थेंब घालावे, पायडल उलटे फिरवून मुरू द्यावे आणि मग वरचे सगळे तेल फडक्याने पुसून काढावे. वर राहिलेले तेल धूळ धरते आणि त्या धुळीचा कानसासारखा उपयोग होतो. पावसात भिजलेली गाडी त्याच संध्याकाळी पुसावी.

राहिले नवीन सामान. सौ.च्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. रोज कॉलेजात जाणाऱ्याने पहिला पैसा टायरवर खर्च करावा. आम्ही काटेरी टायर काढून त्याच २६ इंची रिमवर १.७५ इंच रुंदीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर चढवले. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत ठेवली. माझ्या वजनाला मागे ४५ आणि पुढे ४० पौंड पुरते. रस्त्यावरचा तो घोंघाट थांबला आणि गाडी बदलली की काय असे वाटले. टायर घेताना चाकाचे माप पाहावे, २६, २७.५ आणि २९ ही तीन मापे आहेत आणि एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. दुसरा पैसा ब्रेकच्या रबरांवर आणि वायरींवर. तिसरा मडगार्ड, घंटी आणि मागच्या दिव्यावर. स्प्रिंगवर, निदान स्वस्त गाडीत, एकही नाही. मागची स्प्रिंग प्रत्येक पायडलला खाली-वर होते आणि आपल्या पायातले बळ मधल्यामध्ये गिळते. माझी गाडी काट्यावर १७ किलो भरली. त्यातला बराच भार त्या दिमाखाचा आहे. आज गाडी घ्यायची तर मी साध्या फ्रेमची, मापाची आणि मडगार्डला भोके असलेली घेईन. ज्यांना खरोखर दगडांतून जायचे आहे त्यांनी पुढची स्प्रिंग जरूर घ्यावी. पण ती सडकेवर बंद करता येते का, हे विचारून.

एक सूचना माझी स्वतःची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मी ते नेहमीच्या दिशेने सोडवायला अर्धा तास घाम गाळला आणि ते अधिकच घट्ट केले. अण्णा पाहत होते, बोलले नाहीत. शेवटी कन्येनेच पान्हा उलटा फिरवला.

घाटातून आल्यापासून तिने गाडीला हात लावला नव्हता, आणि मीही आग्रह केला नव्हता. त्या दिवशी पान्हा मात्र तिने खाली ठेवला नाही. आता दर रविवारी सकाळी अंगणात तीन सायकली उलट्या असतात. अण्णांचे हात थरथरतात. म्हणून ते फक्त सांगतात आणि ती करते. आऊट काढायला ती माझ्यापेक्षा लवकर शिकली.

यंदा दसऱ्याला सौ.ने तिन्ही गाड्यांना हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले. दुपारी कन्या म्हणाली, "आजोबा, मी सोने द्यायला मावशीकडे जाऊन येते, सायकलीवर." अण्णा नुसते हसले. तिने आधी हँडलवरचा हार काढला, वायरीत अडकलेली एक पाकळी वेचून टाकली, पुढचे चाक उचलून फिरवले, मागचे फिरवले आणि दोन्ही ब्रेक एकेक करून दाबले. मग ती गेली.

मी दारात उभा होतो. अण्णा आतून म्हणाले, "आता तुझी तपास."